क्लचची लिव्हर आणि अमळनेरचे एक दुकान

दुचाकीच्या सुट्या भागांविषयी कोणी सविस्तर लिहायला बसलेच, तर टायरविषयी लिहील, बॅटरीविषयी लिहील. शे-दीडशे रुपयांच्या क्लच लिव्हरविषयी लिहिण्यासारखे काही असेल, असे गेल्या वर्षापर्यंत मलाही वाटले नसते. परंतु सहा महिन्यांच्या आत माझ्या गाडीची हीच लिव्हर दोनदा मोडली, दोन निराळ्या ठिकाणी बदलली गेली, आणि पहिल्या ठिकाणी जे काम सात-आठ मिनिटांत उरकले त्याच कामाला दुसऱ्या ठिकाणी पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाविषयी हे लिहीत आहे. दुकान अमळनेरच्या बाजारपेठेत आहे. सुट्या भागांची विक्री आणि किरकोळ दुरुस्ती अशी दोन्ही कामे तेथे होतात. ‘हात दोनच आहेत, गर्दी नको, नाव छापू नका,’ असे मालकांनी बजावले असल्यामुळे त्यांचा उल्लेख येथे केवळ आप्पा असा करतो.

गाडी २०१४ सालची स्प्लेंडर आहे, ९७.२ सीसीची. अमळनेरहून पारोळ्याच्या बाजूला असलेल्या शाळेत मी रोज तिच्यावरून जातो-येतो, आणि अकरा वर्षांत तिने मला फारसा त्रास दिलेला नाही. क्लचची लिव्हरच का मोडते, याचे उत्तर गाडी उभी करण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडील मोटारसायकलींचा साइड स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे उभी गाडी डावीकडे झुकलेली असते. खानदेशातील काळी जमीन पावसात लोण्यासारखी मऊ झाली की स्टँडचा पाय हळूहळू आत जातो आणि गाडी डाव्या अंगावर आडवी होते. अशा वेळी जमिनीला आधी टेकते ते हँडलचे डावे टोक, आणि त्या टोकापुढे आलेली असते क्लचची लिव्हर. ब्रेकच्या लिव्हरपेक्षा क्लचची लिव्हर आपल्याला नेहमी जास्त मागवावी लागते, असे आप्पा सांगतात, ते याच कारणाने. स्टँडखाली फरशीचा एखादा तुकडा ठेवण्याची सवय शेतकऱ्यांना असते, मला नव्हती.

श्रावणात एका सहकाऱ्याच्या शेतावर माझी गाडी अशीच पडली. लिव्हर टोकापासून तीन बोटे अंतरावर तुटली होती आणि उरलेल्या भागावर दोन बोटे जेमतेम बसत होती, म्हणून मी तशीच गाडी चालवत महामार्गापर्यंत आलो. हा शहाणपणा नव्हता, हे नंतर आप्पांनी सुनावले. लिव्हरच्या टोकाला जो गोल लाडू असतो तो शोभेसाठी नसतो. पडताना ते टोक मांडीत किंवा पोटात घुसू नये म्हणून तो ठेवलेला असतो, आणि मोडलेल्या लिव्हरचे टोक सुरीसारखे धारदार असते. महामार्गावरील एका गॅरेजात मी थांबलो. तेथील मुलाने डब्यातून एक काळी लिव्हर काढली, जुनी उतरवली, नवी बसवली, दोन-तीनदा दाबून पाहिली आणि इंजिनाजवळचा नट आवळून ‘झालं सर’ म्हणून सांगितले. मजुरीसह शंभर रुपये घेतले. लिव्हर पूर्वीपेक्षा हलकी लागत होती, त्यामुळे काम चांगले झाले अशी माझी समजूत झाली, आणि जुना तुकडा मी तेथेच टाकून आलो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पत्नीसह पद्मालयाच्या गणपतीला जाण्याचा योग आला. एरंडोल सोडून मंदिराकडील चढ सुरू झाला, तसा इंजिनाचा आवाज वाढू लागला. गाडी मात्र वाढेना. ॲक्सिलरेटर पिळावा तर आवाज आभाळाला आणि वेग सायकलीचा. जळक्या तेलासारखा उग्र वास येऊ लागल्यावर आम्ही खाली उतरलो आणि बरेच अंतर गाडी ढकलत नेली. परतताना एरंडोलमध्ये एका मिस्त्रींनी लिव्हर बोटाने हलवून पाहिली, इंजिनाजवळचा चेकनट (वायरीचा ताण पक्का धरणारा नट) सैल केला, वायर थोडी ढिली केली आणि पैसे न घेता ‘जा आता’ म्हटले. गाडी पुन्हा ओढू लागली.

येथे झाले काय, ते थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो. घर्षणाच्या प्लेटा आणि पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद गियरकडे आणि तेथून चाकाकडे जाते. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब उचलला जातो आणि प्लेटा मोकळ्या होतात. लिव्हर सोडलेली असताना वायरीत थोडी ढील असलीच पाहिजे. या गाडीसाठी लिव्हरच्या टोकाशी मोजली असता ही मोकळी चाल १० ते २० मिलिमीटर असावी लागते. ती शून्यावर आणली तर हात लावलेला नसतानाही वायर प्लेटांना किंचित उचलून धरते, म्हणजे चालक सदैव हाफ क्लचवर गाडी चालवत असल्यासारखे होते. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. चढावर, मागे माणूस बसलेला असताना, प्लेटा घसरतात, तापतात आणि वेळीच लक्ष दिले नाही तर जळतात. माझ्या थोडक्यात वाचल्या.

मात्र एरंडोलच्या दुरुस्तीनंतर दुसरेच लचांड सुरू झाले. आता गाडी ओढत होती, पण पहिला गियर टाकताना ‘खट्’ असा आवाज येई, आणि फाटकापाशी किंवा बाजारात थांबल्यावर न्यूट्रल सापडता सापडत नसे. गाडी म्हातारी झाली, गियरबॉक्स झिजला, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि चार महिने तसेच काढले. जानेवारीत शाळेच्या आवारात एका शेळीने अंग घासले एवढ्या निमित्ताने गाडी कलंडली आणि ती काळी लिव्हर या वेळी टोकाशी न मोडता बुडाशी, ती ज्यावर फिरते त्या बोल्टजवळ मोडली. बोट ठेवायलाही जागा उरली नाही. एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या छोट्या टेम्पोतून गाडी अमळनेरला आणली आणि आप्पांच्या दुकानासमोर उतरवली.

आप्पांनी गाडीकडे न पाहता आधी माझ्या हातांकडे पाहिले आणि अहिराणीत विचारले, ‘‘गुरुजी, तुटेल तुकडा लई उनात का?’’ सुदैवाने या वेळी तुकडा मी खिशात ठेवला होता. त्यांनी तो चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला आणि मग मला दाखवला. मोडलेली कड करड्या रंगाची, साखरेच्या दाण्यांसारखी चमकणारी होती आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढी तीन-चार छिद्रे स्पष्ट दिसत होती. लिव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि साच्यात दाबाने ओतून बनवली जाते. ओतताना आत हवा अडकली की अशी छिद्रे राहतात, आणि ताण येतो तेव्हा भेग तेथूनच धावते. वरून काळा रंग मारल्यावर चांगली आणि वाईट लिव्हर यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. वाकलेली लिव्हर हातोडीने ठोकून सरळ करण्याचा जो प्रकार सर्रास चालतो, त्याबद्दलही आप्पांनी तेथेच नाराजी व्यक्त केली. हा धातू थंडपणी उलट वाकवला की वरून सरळ दिसतो आणि आतून तडकलेला असतो. थोडी वाकलेली असेल तर तशीच वापरावी, नाहीतर बदलावी.

यानंतर त्यांनी जे केले, त्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. काउंटरवर त्यांनी तीन लिव्हर मांडल्या: एक गाडीच्या कंपनीची, छापील किंमत आणि पार्ट नंबर असलेल्या बंद पाकिटातील, १४५ रुपयांची, दुसरी सुटे भाग बनवणाऱ्या एका माहितीतल्या उत्पादकाची, ९० रुपयांची, आणि तिसरी सुट्या ढिगातील, बिननावाची, ५० रुपयांची. मग गाडीवर उरलेले मोडक्या लिव्हरचे बूड उतरवले, एक लांब बोल्ट घेऊन तो त्या बुडाच्या भोकातून आणि कंपनीच्या लिव्हरच्या भोकातून एकदमच ओवला, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले आणि वायरीच्या टोकाची गोळी ज्या खाचेत बसते ती खाच मला पाहायला सांगितली. दोन खाचा एका रेषेत नव्हत्या. मोडक्या लिव्हरची खाच बोल्टच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर अलीकडे होती. पाठोपाठ ढिगातील लिव्हर तशीच लावून पाहिली. तिचीही खाच अलीकडेच. मधली, ९० रुपयांची, मात्र कंपनीच्या लिव्हरशी अगदी जुळली.

माझ्या चार महिन्यांच्या गियरच्या खटखटीचा उलगडा त्या बोल्टवर झाला. बोल्टपासून खाचेपर्यंतचे अंतर कमी झाले की लिव्हर हलकी लागते, परंतु तेवढ्याच दाबण्यात वायर कमी ओढली जाते. वायर कमी ओढली गेल्याने प्लेटा पूर्ण सुटत नाहीत, म्हणून गियर खटकतो आणि न्यूट्रल सापडत नाही. महामार्गावरील मुलाला गियर खटकत असल्याचे बसवतानाच जाणवले असावे, आणि लिव्हर चुकीची आहे हे शोधण्याऐवजी त्याने वायर ताणून ती उणीव भरून काढली असावी; त्या ताणलेल्या वायरीने माझ्या प्लेटा पद्मालयाच्या चढावर तापवल्या. एरंडोलच्या मिस्त्रींनी ढील परत दिली, तेव्हा मूळची खटखट उघडी पडली. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोर तुलनेसाठी जुना तुकडा होता, पण तो शेजारी ठेवून पाहायला कोणी त्याला शिकवले नसावे.

मी कंपनीची लिव्हर घेतली. ‘नव्वदवाली घेतली तरी चालेल, भोक आणि खाच बरोबर आहे,’ असे आप्पांनी स्वतःहून सांगितले होते. जास्त किमतीची वस्तू गळ्यात मारण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, याची नोंद करतो.

उतरवण्या-बसवण्याचे काम दहाचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुना दात घासण्याचा ब्रश एवढ्या साहित्यावर झाले. बूड उतरवताना आधी इंजिनाजवळचा चेकनट सैल करून वायरीला पुरेशी ढील दिली होती, मग योकवरची (योक म्हणजे हँडलवरचा, लिव्हर ज्यात बसते तो भाग) आणि उरलेल्या लिव्हरवरची खाच समोरासमोर आणून वायरची गोळी बाहेर काढली होती. बोल्टच्या खालचा नट आधी काढायचा आणि मग वरून बोल्ट फिरवायचा, हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा केला तर बोल्ट नटाशी झगडतो आणि योकचे आटे जातात. निघालेल्या बोल्टवरून आप्पांनी माझे नख फिरवून घेतले. मध्यभागी नख अडकत होते. लिव्हरच्या भोकाने अकरा वर्षांत पोलादी बोल्टवर पायरी पाडली होती, आणि अशा बोल्टवर नवी लिव्हर बसवली तर ती वर-खाली डुगडुगत राहते आणि तिचे नवे भोक लवकर लांबट होते. दहा रुपयांचा नवा बोल्ट पडला.

वायर मात्र त्यांनी बदलली नाही. गोळीजवळचा एक इंचभर भाग कापडाने पुसून, वाकवून, उजेडात धरून तपासला. एकही तार तुटलेली नव्हती. नवी वायर विकण्याची ही आयती संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. त्याऐवजी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून त्याचे नरसाळे केले, वायरच्या वरच्या टोकाला दोऱ्याने घट्ट बांधले आणि त्यात इंजिन ऑइलचे चमचाभर थेंब सोडून वायर वर-खाली करत राहिले. पहिल्यांदा खालच्या टोकातून काही येईना. नंतर काळपट, मातीसारखा गाळ आला आणि सरतेशेवटी स्वच्छ तेलाचा थेंब टपकला. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि चैत्र-वैशाखात रस्त्यावरची धूळ पिठासारखी उडते. ती वायरच्या आवरणात जाऊन तेलाशी मिसळली की काय होते, ते त्या गाळाने दाखवले. या एका कामाला पंधरा मिनिटे गेली आणि त्याचे वेगळे पैसे लावले गेले नाहीत.

नवी लिव्हर बसवून, वायर न जोडताच, आप्पांनी बोल्ट इतकाच आवळला की लिव्हर वर-खाली हलू नये, परंतु बोटाने ओढून सोडली असता स्वतःच्या वजनाने मोकळी झुलावी. मग बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जागच्या जागी धरून खालचा नट घट्ट केला. वायर जोडल्यावर ढील लावण्याची पाळी आली, तेव्हा त्यांनी अंदाजाने ‘एवढी बस’ असे म्हणताच मी पिशवीतून माझी वर्गातली मोजपट्टी काढली. लिव्हरच्या लाडवापाशी १४ मिलिमीटर भरले. आप्पांना मोजपट्टीचा थोडा राग आला असावा. तरीही त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून मला पुन्हा मोजायला लावले, कारण वायर कोठे अडकत किंवा ताणली जात असेल तर हँडल वळल्यावर ढील बदलते. ती बदलली नाही. गाडी चालू करून, क्लच दाबून पहिला गियर टाकला, तर ना खट् झाले ना गाडीने पुढे हिसका दिला. मी गियरबॉक्सला चार महिने उगाच बोल लावत होतो.

शेवटी एक युक्ती, जिच्याबद्दल माझे मत पूर्णपणे अनुकूल नाही. लिव्हर ज्या योकमध्ये बसते, तो योक हँडलच्या नळीवर बोल्टने आवळलेला असतो. आप्पा तो जाम आवळत नाहीत. ‘‘गाडी पडी ते लिव्हर फिरी जाई,’’ असे त्यांचे म्हणणे. धक्का लागला की योक नळीभोवती फिरतो आणि लिव्हर मोडण्याऐवजी वर सरकते. तत्त्व बरोबर आहे. अडचण अशी की माझ्या गाडीचा डावा आरसा त्याच योकवर असतो, आणि पारोळ्याच्या रस्त्यावरील दोन खड्ड्यांनंतर आरशात मागची वाहने दिसण्याऐवजी माझे कोपर दिसू लागले. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी वाद न घालता योक उघडला, नळीवर नळदुरुस्तीसाठी वापरतात ती पांढरी टेफलॉनची पट्टी दोन वेढे गुंडाळली आणि बोल्ट पूर्वीपेक्षा बराच घट्ट केला. आता हाताच्या जोराने योक फिरतो, खड्ड्याने फिरत नाही. हे पहिल्याच दिवशी केले असते तर बरे झाले असते.

एकूण खर्च लिव्हरचे १४५, बोल्टचे १० आणि मजुरीचे ६० असा २१५ रुपये आला. बिल हाताने लिहिलेले, परंतु पार्ट नंबरसह मिळाले. महामार्गावरील कामापेक्षा ही रक्कम दुपटीहून अधिक आहे, हे खरे. गैरसोयी आणखीही आहेत. दुकान दुपारी एक ते चार बंद असते आणि त्या वेळेत शटरवर थाप मारणाऱ्याला आप्पा आतून उत्तरही देत नाहीत. गाडी लावण्यास जागा नाही. ती रस्त्यावरच उभी करावी लागते आणि भाजीवाल्यांची बोलणी ग्राहकाला खावी लागतात. बाहेरून विकत आणलेला भाग ते बसवून देत नाहीत. घाई असलेल्या माणसाने तेथे जाऊच नये, कारण एका गाडीचे काम चालू असताना ते दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत, आणि समोर कोणी ओळखीचे बसले असेल तर कपाशीच्या भावावर बोलण्यात पाच-दहा मिनिटे जातात. जुना तुकडा सोबत न नेल्यास ते लिव्हर देतात, पण मनापासून देत नाहीत.

लिव्हर बसवल्याला आता आठ महिने झाले. ढील मी महिन्यातून एकदा मोजतो. आतापर्यंत एकदाच, उन्हाळ्याच्या अखेरीस, नट अर्धा फेरा फिरवावा लागला. पोळ्याच्या दिवशी मामांच्या दारात, बैलांच्या गर्दीत, गाडी पुन्हा डाव्या अंगावर पडली. उचलून पाहिले तर लिव्हर आकाशाकडे तोंड करून उभी होती, योक नळीभोवती फिरला होता आणि लिव्हरच्या लाडवावर चरा सोडला तर काही झालेले नव्हते. हाताने दाबून योक खाली आणला आणि घरी आलो. आरशाची काच तेवढी फुटली. ती घेण्यासाठी दुसऱ्या दिवशी आप्पांकडे गेलो, तर डावा आरसा संपला होता. तो चार दिवसांनी येईल, असे त्यांनी सांगितले आहे, आणि आज सहावा दिवस आहे.